गुळवेलीतील बहुशर्करा : घटनेचा शोध आणि प्रतिकारशक्तीचा प्रश्न

नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांत कडुनिंबावर चढलेली गुळवेल ज्याने पाहिली नाही असा मनुष्य विरळाच. मराठवाड्याच्या ह्या भागात तीन भाषांच्या सीमा एकमेकींत मिसळल्या असल्यामुळे वेल एकच असली तरी तिची नावे मात्र गावागणिक पालटतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या बाजूस तेलुगू बोलणारी माणसे तिला तिप्पतीगा म्हणतात. उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कानडी मुलखात ती अमृतबळ्ळी होते. हिंदी व उर्दू बोलणारांच्या तोंडी ती गिलोय असते. गिलोय आणि गुळवेल ही दोन्ही नावे संस्कृत 'गुडूची' ह्या शब्दाच्या कुळातील मानली जातात. तेव्हा मराठी नावातील 'गुळ' ह्या अक्षरांवरून वेलीस गोडी असावी असा जो समज कोणी करून घेतो, तो पहिल्याच घोटाला दूर होतो. वेल चांगलीच कडू आहे.

संस्कृतात तिला आणखीही नावे आहेत, आणि ती मोठी अर्थपूर्ण आहेत. तोडली तरी पुन्हा वाढते म्हणून ती छिन्नरुहा. झाडावरून खाली लोंबणारा तिचा तुकडा जमिनीपासून तुटला तरी हवेत मुळ्या सोडून जगतो, हे खेड्यातील कोणीही मूल सांगेल. दुसरे नाव चक्रलक्षणिका. खोड आडवे कापले असता आतील भाग गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो म्हणून. नाव देणाऱ्याने वस्तूची घटना पाहिली आणि तीच नावात घातली. जेथवर डोळा पोचतो तेथवर ही पद्धत निर्दोष आहे. परंतु आज गुळवेलीविषयी जे विधान घरोघर ऐकू येते ते डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीविषयी नाही. 'गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते' हे ते विधान होय.

2020 आणि 2021 ह्या दोन वर्षांत, कोव्हिडच्या साथीत, हे वाक्य मराठवाड्यातही सर्वतोमुखी झाले. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये जी उपचारपद्धती प्रसिद्ध केली तीत गुडूचीचा समावेश होता. काढे उकळले गेले आणि गोळ्या विकल्या गेल्या. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिल्यास वाक्यात कर्ता, कर्म व क्रियापद अशी तीनच पदे आहेत. आणि तिन्ही पदे संदिग्ध आहेत. 'गुळवेल' म्हणजे वेलीतील नेमका कोणता पदार्थ? 'प्रतिकारशक्ती' म्हणजे शरीरातील कोणत्या पेशींचे कोणते कार्य? आणि 'वाढवते' म्हणजे काय करते? ह्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राने बऱ्याच अंशी दिले आहे, आणि ते दिल्याशिवाय पुढील दोन प्रश्नांना हात घालता येत नाही.

गुळवेलीत कडू चव देणारी द्रव्ये आहेत, अल्कलॉइडे आहेत, आणि त्यांखेरीज बहुशर्करा आहेत. बहुशर्करा म्हणजे शर्करेचे शेकडो-हजारो लहान रेणू एकमेकांस जोडून झालेली साखळी. ह्या साखळीचे वैशिष्ट्य ध्यानी येण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. ज्वारीचे शेत पुरे आहे. कणसातील दाण्यात मुख्यतः स्टार्च असतो. ताटाचा, म्हणजे कडब्याचा, मोठा भाग सेल्युलोजचा असतो. दोन्ही पदार्थ ग्लुकोज ह्या एकाच शर्करेचे बनलेले आहेत, आणि दोहोंतही एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या चौथ्या कार्बनास जोडलेला आहे. फरक इतकाच की स्टार्चमध्ये हा सांधा ज्या बाजूस वळतो त्यास अल्फा म्हणतात, व सेल्युलोजमध्ये तो ज्या बाजूस वळतो त्यास बीटा म्हणतात. एवढ्याशा फरकाने स्टार्चची साखळी वेटोळे घेते आणि पाण्यात शिजते. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहून एकमेकींना घट्ट चिकटतात आणि त्यांचे दोर वळले जातात. मनुष्याच्या पोटातील विकर, म्हणजे एंझाइम, अल्फा सांधा तोडतो. बीटा सांध्यास तो स्पर्शही करीत नाही. म्हणून भाकरी माणसाच्या वाट्यास आली व कडबा बैलाच्या. बैलासही स्वतःचे तसले विकर नाहीत. त्याच्या पोटातील सूक्ष्मजंतू ते काम त्याच्यासाठी करतात.

मराठीच्या अभ्यासकास ह्या प्रकाराचे नवल वाटू नये. 'जग' हा शब्द कागदावर एकच दिसतो. परंतु दुनिया ह्या अर्थी त्यातील ज तालव्य उच्चारला जातो आणि 'जगणे' ह्याच्या आज्ञार्थी रूपात तो दंततालव्य होतो. लिपी हा भेद दाखवीत नाही, कान तो चुकवीत नाही. 'ग्लुकोजची साखळी' हे वर्णन त्या लिपीसारखे आहे.

ह्याच ग्लुकोजचा तिसरा एक प्रकार येथे नोंदला पाहिजे. यीस्टच्या व अळंब्यांच्या पेशीभित्तिकेत ग्लुकोजचे रेणू पहिल्या व तिसऱ्या कार्बनांमध्ये बीटा सांध्याने जोडलेले असतात, आणि मधूनमधून सहाव्या कार्बनावर फांद्या फुटलेल्या असतात. ही साखळी ओळखणारा डेक्टिन-1 नावाचा ग्राही आपल्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर असतो, असे 2001 मध्ये दाखवण्यात आले. ग्राही म्हणजे विशिष्ट घटनेच्या रेणूस धरून ठेवणारे आणि पेशीस आत वर्दी देणारे प्रथिन. शरीराच्या दृष्टीने ही साखळी म्हणजे बुरशी आल्याची खूण होय. तेव्हा ग्लुकोज एकच असून, एका सांध्याने ते अन्न होते, दुसऱ्याने वैरण होते, आणि तिसऱ्याने धोक्याची सूचना होते.

प्रथिनांच्या मानाने बहुशर्करांची घटना शोधणे इतके अवघड का, ह्याचेही कारण येथेच आहे. एकाच अमिनो आम्लाचे दोन रेणू नेहमीच्या पेप्टाइड बंधाने जोडावयाचे झाले तर त्यांची एकच जोडी होते. ग्लुकोजचे दोन रेणू त्यांच्या नेहमीच्या षट्कोनी रूपात जोडावयाचे झाले तर 11 वेगवेगळ्या जोड्या संभवतात. तिसरा रेणू आला, शर्करा निरनिराळ्या असल्या आणि फांद्या फुटू लागल्या, की ही संख्या हाताबाहेर जाते. शिवाय प्रथिनाचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. बहुशर्करेचा तसा कोठेही लिहिलेला नसतो. विकरांच्या परस्परांच्या कामातून ती घडत जाते, आणि म्हणून एकाच वेलीतील एकाच बहुशर्करेचे दोन रेणूही लांबीने तंतोतंत सारखे असतीलच असे नाही.

अशा साखळीचे वाचन कसे करतात? मराठवाड्यातील एका परिचित पदार्थावर हे काम फार पूर्वी झालेले आहे. किनवट-माहूरच्या रानात धावड्याची झाडे आहेत. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो. इंग्रजी व्यापारात त्यास 'घट्टी' डिंक म्हणतात, व घाट उतरून तो बंदरावर येई म्हणून ते नाव पडले असे सांगतात. एडिंबरो येथे एडमंड हर्स्ट आणि जेराल्ड ॲस्पिनॉल ह्यांनी ह्या डिंकाचे पृथक्करण हाती घेतले, व त्यांचा पहिला निबंध 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. डिंकात अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज व ग्लुकुरॉनिक आम्ल अशी पाच द्रव्ये निघाली. ही झाली केवळ मोजदाद. एखाद्या वाक्यात कोणती अक्षरे किती वेळा आली हे सांगण्यासारखी. ती कोणत्या क्रमाने व कोणत्या सांध्यांनी आली, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी मिथिलीकरणाची युक्ती आहे. ती हर्स्ट ह्यांचे गुरू नॉर्मन हॅवर्थ ह्यांच्या काळात प्रगत झाली; कर्बोदकांवरील व क जीवनसत्त्वावरील कामासाठी हॅवर्थ ह्यांना 1937 चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक शर्करेवर हायड्रॉक्सिल गट असतात. साखळीत जे गट सांध्यात गुंतले आहेत ते बांधलेले, उरलेले मोकळे. प्रथम सगळ्या मोकळ्या गटांवर मिथिलची टोपी घालावयाची. मग आम्लाने साखळी तोडावयाची. सुट्या झालेल्या शर्करांवर जेथे टोपी नाही, तेथे पूर्वी सांधा होता असे समजावयाचे. एखादी शर्करा दोन जागी उघडी सापडली तर ती साखळीच्या मधली. तीन जागी उघडी सापडली तर तेथे फांदी होती. एकाच जागी उघडी सापडली तर ती टोकाची. संस्कृत शिकणारा विद्यार्थी संधिविग्रह करतो तो थोडाफार ह्याच रीतीने: शब्द सुटे केल्यावर त्यांच्या कडांवरून जोड कोठे होता ते ठरवावयाचे. 1964 मध्ये हाकोमोरी ह्या जपानी शास्त्रज्ञाने टोप्या घालण्याची कृती पुष्कळच सोपी केली, आणि तेव्हापासून ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. टोप्यांवरून सांध्याची जागा कळते. सांधा अल्फा की बीटा हे मात्र कळत नाही. त्यासाठी विशिष्ट विकरांचा, आणि अलीकडे चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्राचा, आधार घ्यावा लागतो.

गुळवेलीवर हे काम मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील चिंतलवार, सैनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि 1999 मध्ये ते प्रसिद्ध झाले. वाळलेल्या खोडातून त्यांनी एक बहुशर्करा शुद्ध स्वरूपात वेगळी काढली. ती अरॅबिनोज व गॅलॅक्टोज ह्या दोन शर्करांवर उभारलेली, म्हणजे अरॅबिनोगॅलॅक्टन ह्या वर्गातील आहे. तिचा सरासरी रेणुभार सुमारे 22 लक्ष भरला. एका पाण्याच्या रेणूचा भार 18 असतो हे आठवल्यास ह्या साखळीच्या अवाढव्यपणाची कल्पना येईल. मिथिलीकरण, अर्धवट जलविच्छेदन आणि आम्लगटांचे क्षपण ह्या मार्गांनी तिची तपासणी झाली. तिचे प्रयोगशाळेतील नाव जी1-4ए असे आहे. निघंटूंतील चक्रलक्षणिकेच्या शेजारी हे नाव अगदीच रुक्ष दिसते. परंतु तेही आपल्या परीने घटनेचेच नाव आहे. कोणत्या पृथक्करणातला कोणता भाग, एवढे ते चोख सांगते.

ह्या बहुशर्करेने बी पेशींची, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची, संख्या वाढते असे दिसून आले. आणि त्यासाठी भक्षक पेशींचे साहाय्य लागले नाही. येथे एक बारकावा आहे, आणि तो विक्रेत्यांच्या पत्रकांत कधीच येत नाही. एखादा रोगजंतू शरीरात आला असता जी बी पेशी त्यास ओळखते तीच वाढते. बाकीच्या स्वस्थ राहतात. जी1-4ए मुळे होणारी वाढ अशी निवडक नाही. ती ओळख न पाहता अनेक प्रकारच्या बी पेशींना एकदम विभाजनास लावते. शत्रू कोण हे न सांगता साऱ्या गावास उठवण्यासारखा हा प्रकार आहे. गाव उठले हे खरे. त्यामुळे चोर सापडेलच असे नव्हे.

पुढे 2007 मध्ये त्याच केंद्रातून आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तो 'वाढवते' ह्या क्रियापदास सरळच छेद देणारा आहे. काही जंतूंच्या बाह्य आवरणात एक विषारी द्रव्य असते. त्यास अंतर्विष म्हणतात. ते उंदरांना टोचले असता त्यांच्या शरीराचा दाह इतका भडकतो की ती प्रतिक्रियाच त्यांचा जीव घेते. ज्या उंदरांना जी1-4ए अगोदर दिले होते, त्यांचे ह्या आघातापासून रक्षण झाले. म्हणजे येथे बहुशर्करेने प्रतिकाराची आग वाढवली नाही. ती आटोक्यात राहील अशी व्यवस्था केली. म्हणूनच शास्त्रीय लेखनात ह्या गुणास प्रतिकाराचे 'नियमन' म्हणतात. नियमन आणि वाढ हे समानार्थी शब्द नव्हेत. संधिवातासारख्या रोगात शरीराचा प्रतिकार स्वतःवरच उलटलेला असतो. अशा रुग्णास कोणी 'वाढवणारे' औषध दिले तर त्याचे काय होईल, हे सांगावयास नको.

2009 मध्ये ह्याच गटाने जी1-4ए कोणत्या ग्राहीद्वारे काम करते हे मांडले. तो ग्राही टीएलआर-4 होय. नेमका हाच ग्राही जंतूंच्या अंतर्विषासही ओळखतो. 1998 मधील त्या शोधाबद्दल ब्रूस बॉयटलर ह्यांना 2011 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ह्या योगायोगातून एक मोठीच अडचण उभी राहते. अंतर्विष अत्यल्प प्रमाणातही तीव्र परिणाम घडवते, आणि मातीत वाढलेल्या, हाताळलेल्या, वाळवलेल्या कोणत्याही वनस्पतीवर जंतू असतातच. तेव्हा काढ्याच्या अर्काने पेशी चेतवल्या गेल्या, तर ते काम गुळवेलीच्या बहुशर्करेचे की तिच्याबरोबर आलेल्या जंतुद्रव्याचे? अंतर्विषास निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी हे औषध मिसळून पाहणे, किंवा अंतर्विषाची स्वतंत्र मोजणी करणे, हे त्यावरील उपाय आहेत. वनस्पतींच्या अर्कांवरील ज्या निबंधांत ह्या कसोटीचा उल्लेखही नसतो, त्यांतील 'प्रतिकारवर्धक' हे विशेषण वाचकाने बाजूस ठेवून वाचणे बरे.

गुळवेलीतून निघालेली ही एकच बहुशर्करा नव्हे. 2004 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ह्याच वेलीतून एक ग्लुकोजची साखळी वेगळी केल्याचे जाहीर केले. तिचा कणा अल्फा (1→4) सांध्यांचा व फांद्या (1→6) सांध्यांच्या आहेत. ती मानवी पेशींना टीएलआर-6 ह्या वेगळ्याच ग्राहीद्वारे चेतवते असे त्यांचे पुढील प्रतिपादन आहे. आता वाचकाने ज्वारीच्या दाण्याकडे पुन्हा वळावे. अल्फा (1→4) कणा आणि (1→6) फांद्या हे तर स्टार्चमधील ॲमिलोपेक्टिनचेही वर्णन आहे. आणि गुळवेलीची खोडे ठेचून, पाण्यात कालवून, तळाशी बसलेला जो पांढरा साका वाळवतात व 'गुळवेल सत्त्व' म्हणून विकतात, तोही मुख्यतः स्टार्चच असतो. मग भाकरीने जे होत नाही ते ह्या साखळीने का व्हावे? फांद्यांमधील अंतर, साखळीची लांबी किंवा तिचे वळण ह्यांत भेद असू शकतो. परंतु तो भेद दाखवल्याखेरीज 'अल्फा ग्लुकॅन' हे नाव पुरेसे ठरत नाही. मिथिलीकरणाच्या पत्रकात दोन पदार्थ सारखे दिसावेत आणि पेशींना ते निराळे वाटावेत, असे असेल तर वाचनात कोठेतरी एक उच्चार निसटला आहे.

ह्याहूनही साधा प्रश्न म्हणजे पोटाचा. अशा प्रयोगांत बहुशर्करा पुष्कळदा काचपात्रातील पेशींवर टाकलेली असते किंवा उंदराला टोचलेली असते. मनुष्य काढा पितो. अरॅबिनोगॅलॅक्टन तोडणारे विकर मनुष्याकडे नाहीत; ते जवळजवळ तसेच मोठ्या आतड्यात जाते, आणि तेथील जंतू त्याचे किण्वन करून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्यूटिरिक ही आम्ले तयार करतात. ह्या आम्लांचाही प्रतिकारावर परिणाम होतो. परंतु तो मार्ग वेगळा आहे, आणि तो डाळीच्या सालीने किंवा भाज्यांच्या तंतूंनीही चालू होतो. टीएलआर-4 वरील प्रयोगाचा दाखला देऊन काढ्याचे समर्थन करणे म्हणजे एका वाक्याचा कर्ता घेऊन दुसऱ्या वाक्याच्या क्रियापदास जोडणे होय.

मनुष्यांवरील पुरावा अगदीच नाही असे नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शरदिनी डहाणूकर, निर्मला रेगे व त्यांचे सहकारी ह्यांनी गुळवेलीवर दीर्घकाळ काम केले. (डहाणूकर मराठी वाचकांस ललित लेखिका म्हणूनही परिचित आहेत.) पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरील त्यांची चाचणी 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू फार होतात. नेहमीच्या उपचाराने वाचलेल्यांचे प्रमाण 40 टक्के होते. ज्यांना जोडीला गुळवेल दिली त्यांच्यात ते 92 टक्क्यांवर गेले. रुग्णसंख्या लहान आहे हे खरे, आणि दिलेला पदार्थ शुद्ध बहुशर्करा नव्हती हेही खरे. तथापि ह्या चाचणीत रोग कोणता, रुग्ण कोण, अर्क कोणता, तुलना कशाशी आणि फळ काय, हे सारे सांगितलेले आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवते' ह्या वाक्यात ह्यांपैकी काहीच नाही.

आणि नेमके ते वाक्यच साथीच्या काळात औषधासारखे घेतले गेले. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकी काहींत शरीराचा प्रतिकार स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ह्यावर असे म्हटले की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या, घातक जातीशी गफलत होऊ शकते, म्हणून वनस्पतीची ओळख अचूक पटवणे आवश्यक आहे. मंत्रालयाचा मुद्दा एका मर्यादेत रास्त आहे: त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर गाठी ठळक असतात, आणि वाळवून कुटलेल्या चूर्णात त्या दिसत नाहीत. परंतु सगळा दोष गफलतीच्या माथी मारून प्रश्न सुटत नाही. जो पदार्थ बी पेशींना सरसकट उठवतो असे त्याचे समर्थकच सांगतात, तो स्वप्रतिकारक रोगाचा कल असलेल्या मनुष्यास निरुपद्रवी असेल असे गृहीत धरण्यास आधार काय? ही इजा बहुशर्करेने होते की वेलीतील कडू द्रव्यांनी, हा पुन्हा पृथक्करणाचाच प्रश्न आहे.

नांदेड येथे 1994 मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली असे चार जिल्हे येतात. लातूरला उपकेंद्र आहे आणि नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. वेल तर प्रत्येक गावाच्या शिवारात आहे. वैद्यकपरंपरा अशी की कडुनिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी. खेड्यापाड्यांतील लोकही काढ्यासाठी ती लिंबावरचीच पाहून आणतात. कडुनिंब, बाभूळ आणि गावकुसाचे कुंपण अशा तीन ठिकाणांची, एकाच महिन्यात तोडलेली खोडे घ्यावीत. सारख्याच रीतीने अर्क काढावा, अंतर्विष मोजावे, शर्करांची मोजदाद व सांध्यांची तपासणी करावी, आणि मग तिन्ही नमुने एकाच प्रकारच्या पेशींवर ठेवावेत. लिंबावरच्या वेलीची बहुशर्करा खरोखर निराळी निघाली, तर त्या समजुतीस सांध्यांच्या भाषेत अर्थ लाभेल. तिन्ही सारख्याच निघाल्या, तर लिंबावरच्या वेलीचे महत्त्व तिच्या कडू द्रव्यांत शोधावे लागेल.